फुलदाणी बुडापासून वाचावी

ऑक्टोबर २०२२ मध्ये पॅरिसजवळच्या फाँतेनब्लो इथे एका निळ्या-पांढऱ्या चिनी फुलदाणीचा लिलाव झाला. उंची ५४ सेंटिमीटर, गोल गरगरीत पोट, वर सरळ मान आणि अंगभर ढगांत फिरणारे ड्रॅगन. लिलावकर्त्यांच्या तज्ज्ञाने ती विसाव्या शतकातली ठरवली होती, त्यामुळे अंदाजे किंमत लावली गेली दीड ते दोन हजार युरो. लिलावाआधीच्या प्रदर्शनात मात्र लोक भिंगं आणि विजेऱ्या घेऊन आले. प्रत्यक्ष लिलावात बोली थांबली ७७ लाख युरोंवर. बोली लावणाऱ्यांच्या मते फुलदाणी अठराव्या शतकातली होती. तज्ज्ञ आपल्या मतावर ठाम राहिला आणि त्याचं काम गेलं.

या दोन मतांमध्ये दोनशे वर्षांचं अंतर आहे. एवढं अंतर जाणकार डोळ्यांनाही चटकन दिसू नये, याचं कारण चिनी निळ्या-पांढऱ्या भांड्यांच्या इतिहासातच आहे. तोच आकार, तेच ड्रॅगन, तोच निळा रंग एकाच गावात शतकानुशतकं पुन्हा पुन्हा घडत राहिला. म्हणून या भांड्यांचा संग्रह करणारे लोक फुलदाणी हातात आली की आधी ती उलटी करतात. नक्षी पाहण्याची त्यांना घाई नसते. कलाकाराने जीव ओतून केलेला भाग दुसरा कुशल कलाकार हुबेहूब उतरवू शकतो. कारागिराचा हात जिथे सवयीने, फारसा विचार न करता चालला, तिथली नक्कल सर्वांत अवघड असते.

एक गाव, हजार वर्षं

हे गाव म्हणजे आग्नेय चीनच्या च्यांगशी प्रांतातलं जिंगदेजेन. इथली भांडी सुंग सम्राटाला आवडली आणि १००४ मध्ये त्याने आपल्या कारकिर्दीचं ‘जिंगदे’ हे नाव गावाला दिलं. आसपासच्या डोंगरांत दोन गोष्टी मिळत: दळून वापरता येणारा पांढरा दगड आणि काओलिंग टेकडीची पांढरी माती. त्या टेकडीवरूनच ‘केओलिन’ हे नाव जगभर गेलं. दोन्हींचं मिश्रण सुमारे १३०० अंश सेल्सिअसला भाजलं की काचेसारखं घट्ट, पांढरं, उजेड आरपार झिरपू देणारं अंग तयार होतं.

निळा रंग कोबाल्टचा. न भाजलेल्या कोऱ्या अंगावर कुंचल्याने चित्र काढायचं, वर झिलईचा थर द्यायचा आणि सगळं एकदाच भट्टीत घालायचं. लावताना हा रंग करडा-काळपट दिसतो, निळा होतो तो भट्टीतच. कोरडी माती रंग लगेच शोषते, त्यामुळे एकदा ओढलेली रेघ पुसता येत नाही. चित्र झिलईखाली बंद झालं की पुढे कितीही वापरलं तरी ते झिजत नाही.

हा प्रयोग जिंगदेजेनच्या आधीही झाला होता. इंडोनेशियाच्या बेलितुंग बेटाजवळ नवव्या शतकात बुडालेल्या एका अरबी बांधणीच्या गलबतात उत्तर चीनमध्ये बनलेल्या निळ्या-पांढऱ्या तीन अखंड बशा मिळाल्या. पण या कलेला खरा भर आला चौदाव्या शतकात, मंगोलांच्या युआन राजवटीत. तेव्हा कोबाल्ट इराणकडून येई आणि तयार झालेली मोठी ताटं, सुरया त्याच वाटेने पश्चिमेकडे जात. दिल्लीत फिरोजशाह कोटल्याच्या परिसरात या काळातल्या सुमारे सत्तर भांड्यांचे तुकडे सापडले आहेत. तुघलकांच्या जेवणात जिंगदेजेनची ताटं होती, याचा तो पुरावा.

या साऱ्या कालगणनेचा खुंटा म्हणजे ब्रिटिश म्युझियममधल्या दोन उंच फुलदाण्या. पर्सिव्हल डेव्हिड या संग्राहकाने त्या वेगवेगळ्या मालकांकडून घेऊन पुन्हा एकत्र आणल्या. दोन्हींच्या मानेवर लेख आहे: चांग वनचिन नावाच्या भक्ताने १३५१ मध्ये घरच्यांच्या सुखासाठी या फुलदाण्या आणि एक धूपदाणी देवळाला अर्पण केली. १९२९ मध्ये रॉबर्ट हॉब्सन या अभ्यासकाने हा लेख प्रसिद्ध केला. इतकं प्रगल्भ काम चौदाव्या शतकातलं असू शकतं, हे तोवर फारसं कुणाच्या मनात नव्हतं. १९५० च्या दशकात जॉन पोप या अमेरिकी अभ्यासकाने या जोडीवरची नक्षी प्रमाण धरून इस्तंबूलचा तोपकापी राजवाडा आणि इराणमधल्या अर्दबीलचा दर्गा इथली भांडी तपासली. युआन काळातली निळी-पांढरी भांडी ओळखण्याची पद्धत त्यातून उभी राहिली.

निळ्या रंगाच्या जाती

सगळा निळा सारखा नसतो. इराणकडून आलेल्या कोबाल्टमध्ये लोह जास्त आणि मँगनीज कमी. कुंचला जिथे टेकला, रंग जिथे दाट साचला, तिथे भट्टीत काळसर ठिपके उमटत आणि झिलईत किंचित खोलगट रुतत. बोट फिरवलं तर ते लागतात. मिंग राजवटीतल्या युंगलो (१४०३-१४२४) आणि श्वेनदे (१४२६-१४३५) या सम्राटांच्या काळातल्या भांड्यांची ही ओळख. चीनमधल्या कोबाल्टमध्ये मँगनीज जास्त, म्हणून शुद्ध न केलेला तो रंग करडेपणाकडे झुकतो. पुढे भाजून शुद्ध करण्याची रीत सुधारली आणि छिंग सम्राट कांगशीच्या काळात (१६६२-१७२२) नीलमण्याच्या जातीचा स्वच्छ निळा मिळू लागला. चित्रकार त्यात पाणी कमी-जास्त करून एकाच रंगाच्या अनेक छटा काढत. एका डोंगररांगेमागे दुसरी फिकी रांग दिसते ती त्यामुळे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कारखान्यात बनलेला कोबाल्ट आला. त्याचा निळा एकसुरी आणि अनेकदा जांभळट, डोळ्यांत भरणारा.

इथवर सगळं सरळ वाटतं. पण अठराव्या शतकात युंगचंग आणि छियनलुंग या सम्राटांना पंधराव्या शतकातल्या भांड्यांची ओढ लागली. राजभट्टीच्या कारागिरांकडे तेव्हा शुद्ध कोबाल्ट होता, त्यातून काळे ठिपके आपोआप येईनात. मग त्यांनी कुंचल्याच्या टोकाने ते एकेक टिपले. जुन्या मालातला दोष नव्या मालात कष्टाने भरला. भिंगाखाली हे ठिपके बेतशीर दिसतात, रेघेच्या ठरावीक जागी बसलेले. यातली गंमत अशी की ही ‘नक्कल’ स्वतःच आज कोट्यवधींची आहे, कारण तीही राजभट्टीत बनलेली, अडीचशे-तीनशे वर्षांची आहे.

चिन्हावर विश्वास किती

नवखा संग्राहक फुलदाणी उलटी करतो ती तळाचं चिन्ह पाहायला. बहुधा सहा अक्षरं असतात, तीन-तीनच्या दोन उभ्या ओळींत. उजवीकडची ओळ आधी वाचायची. त्यात राजवट, सम्राटाची कारकीर्द आणि ‘काळात बनवलं’ एवढा मजकूर असतो. श्वेनदेच्या काळात ही पद्धत रुळली.

पुराव्यांमध्ये हे चिन्ह सर्वांत कच्चं. पूर्वजांच्या कामाला मान देण्यासाठी जुन्या सम्राटाचं नाव लिहिणं चिनी कुंभारांना गैर वाटत नसे. श्वेनदे आणि छंगह्वा (१४६५-१४८७) यांची नावं त्यांच्यानंतरच्या असंख्य भांड्यांवर आढळतात. १६७७ मध्ये जिंगदेजेनच्या स्थानिक अधिकाऱ्याने कांगशीचं नाव भांड्यांवर लिहायला मनाई केली. भांडं फुटून उकिरड्यात गेलं तर सम्राटाच्या नावाचा अवमान होईल, ही भीती. परिणाम असा की कांगशी काळातल्या कितीतरी अस्सल फुलदाण्यांच्या तळाशी नुसती दोन निळी वर्तुळं असतात, आत काहीच नाही. काहींवर पान किंवा फूल असतं, तर काहींवर छंगह्वाचं नाव. याउलट ‘कांगशी काळात बनवलं’ अशी चार अक्षरं असलेली, तडकलेल्या बर्फावर प्लमची फुलं दाखवणारी झाकणाची बरणी दिसली, तर ती बहुतेक वेळा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या काही दशकांतली निघते. युरोपात या बरण्यांचं वेड पसरलं होतं आणि जिंगदेजेन ती मागणी पुरवत होतं.

एक चिन्ह मात्र उपयोगी आहे, ते रोमन लिपीतलं. अमेरिकेच्या नव्या जकात कायद्यामुळे १८९१ पासून आयात मालावर मूळ देशाचं नाव इंग्रजीत लिहिणं सक्तीचं झालं. तळाशी ‘चायना’ छापलेलं असेल, तर विक्रेत्याने सांगितलेल्या मिंग राजवटीच्या गोष्टी तिथेच थांबवाव्यात.

बूड, सांधा आणि पोटाची आतली बाजू

दांत्रकोल या फ्रेंच जेझुइट धर्मगुरूने १७१२ आणि १७२२ मध्ये जिंगदेजेनबद्दल दोन लांब पत्रं लिहिली. एक भांडं सत्तरेक माणसांच्या हातांतून जातं, असं त्याने नोंदवलं. काठाची निळी रेघ ओढणारा वेगळा, फुलांची बाह्यरेषा काढणारा वेगळा, रंग भरणारा आणखी वेगळा. बुडाची कडा तासणाराही दिवसभर तेवढंच काम करत असणार. त्याच्या हाताला पडलेलं वळण त्या पिढीचं, त्या भट्टीचं वळण असे आणि पुढच्या पिढीत ते नकळत बदलत जाई.

म्हणून बुडाची कडा बोलते. युआन आणि सुरुवातीच्या मिंग काळातल्या मोठ्या फुलदाण्यांचा तळ बहुधा बिनझिलईचा असतो. मातीतल्या लोहामुळे उघडी कडा भाजताना नारिंगी-तांबूस होते. सोळाव्या शतकाच्या अखेरीला घाईने बनलेल्या निर्यातीच्या मालाच्या बुडाला भट्टीतली वाळू चिकटलेली सापडते. फिरत्या चाकावर सुरी थरथरल्याने उठलेल्या बारीक रेघा तळावर चाकाच्या आऱ्यांसारख्या पसरलेल्या असतात. कांगशी काळातली माती बारीक गाळलेली, म्हणून कडा पांढरी, घट्ट आणि गुळगुळीत लागते. युंगचंगच्या काळात ती आणखी हळुवार गोलाई घेते.

यानंतर पोट. मोठी फुलदाणी चाकावर एका दमात उठत नाही. दोन-तीन भाग वेगळे करून ओल्या मातीने जोडतात. रुंद खांद्याच्या, चिमुकल्या तोंडाच्या ‘मेइपिंग’ फुलदाणीत पोटाच्या मध्यावर आडवा सांधा असतो. बाहेरून तो तासून सपाट केलेला असला, तरी तिरपा उजेड टाकला की मंद उंचवटा दिसतो. रुंद तोंडाच्या फुलदाणीत हात आत गेला तर बोटांना तो स्पष्ट लागतो. आतून नीटनेटकं करायला कारागिराला कारण नव्हतं. साच्यात पातळ माती ओतून काढलेल्या आजच्या फुलदाणीची जाडी सगळीकडे सारखी असते. तिला सांधाही नसतो आणि चाकाची वळणंही नसतात.

झीजही अशीच पाहावी. दोनशे वर्षं टेबलावर सरकलेल्या बुडावर ओरखडे वेगवेगळ्या दिशांनी, वेगवेगळ्या खोलीचे असतात आणि जो भाग टेकतो तिथेच असतात. सॅंडपेपरने पाडलेले ओरखडे एका दिशेने धावतात आणि जिथे काही टेकणं शक्य नाही तिथेही पोचतात. नव्या झिलईची चमक मारण्यासाठी आम्ल वापरतात. त्यामुळे सगळं अंग सारखंच मलूल होतं. खऱ्या जुन्या भांड्यावर संरक्षित कोपऱ्यांत, मानेखाली, चमक शाबूत असते. बुडाला लावलेला चहाचा किंवा रसायनाचा तांबूस रंग ओल्या फडक्याने निघाला तर प्रश्न मिटला. नाही निघाला तरी तो भाजणीतून उमटलाय की वरून चढवलाय, हे भिंगाखाली तपासावं.

तुटलेलं आणि जोडलेलं

आपण माठ घेताना टिचकी मारून नाद ऐकतो, तीच परीक्षा इथे चालते. अखंड फुलदाणी खणखणीत वाजते, तडा गेलेली बद्द. पण नाद तेवढंच सांगतो. तुटलेली मान घासून सरळ केलेली असेल तर नाद स्वच्छच येतो, फसते ती फक्त प्रमाणबद्धता. म्हणून त्या आकाराच्या अखंड फुलदाण्यांची छायाचित्रं आधी पाहिलेली हवीत. रंगवून झाकलेली दुरुस्ती अतिनील दिव्याखाली वेगळ्या रंगात उजळते. तळाला गोल भोक असेल तर बहुधा विसाव्या शतकात कुणीतरी फुलदाणीचा टेबललॅम्प केला होता. तिची किंमत बरीच घटते, पण ती अस्सल असू शकते.

प्रयोगशाळेचा मार्गही आहे. थर्मोल्युमिनेसन्स चाचणीत मातीला शेवटची आच कधी लागली त्याचा अंदाज मिळतो. त्यासाठी बुडाशी बारीक भोक पाडून कण घ्यावे लागतात. अठरावं शतक आणि विसावं शतक वेगळं करायला ती उपयोगी, पण कांगशीचा शेवट आणि युंगचंगची सुरुवात तिला ओळखता येत नाही. बनावट करणाऱ्यांनाही ही चाचणी माहीत आहे. फुटलेल्या जुन्या भांड्याचा अस्सल तळ कापून नव्या अंगाला बसवला जातो, म्हणजे कण जुनेच निघतात. तेव्हा बूड तपासताना बूड आणि अंग एकमेकांचंच आहे ना, हेही पाहावं लागतं.

मालकीचा माग

वस्तूइतकीच तिची कागदपत्रं महत्त्वाची. सॅक्सनीचा शासक ऑगस्टस याने १७१७ मध्ये प्रशियाच्या राजाला आपले ६०० ‘ड्रॅगून’ घोडेस्वार देऊन १५१ चिनी भांडी घेतली. त्यात कांगशी काळातल्या, मीटरभर उंचीच्या झाकणाच्या निळ्या-पांढऱ्या फुलदाण्या होत्या. त्या आजही ‘ड्रॅगून फुलदाण्या’ म्हणून ड्रेस्डेनमध्ये उभ्या आहेत. ऑगस्टसने आपल्या संग्रहाची यादी केली आणि भांड्यांवर यादीतले आकडे कोरून घेतले. पुढे त्या संग्रहातून बाहेर गेलेल्या भांड्यांची ओळख त्या आकड्यांवरून आजही पटते. मुघलांनीही हेच केलं. शाहजहानचं नाव फारसीत कोरलेल्या चिनी थाळ्या परदेशी संग्रहालयांत आहेत.

बुडालेल्या जहाजांनी कमी पैशांच्या संग्राहकांची सोय केली. डच कंपनीचं गेल्डरमाल्सेन जहाज १७५२ मध्ये बुडालं, त्यातला माल १९८६ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये विकला गेला. १८२२ मध्ये बुडालेल्या ‘टेक सिंग’ या चिनी जहाजातून सुमारे साडेतीन लाख भांडी निघाली आणि २००० साली जर्मनीत लिलावाला आली. अशा भांड्यांना तारीख ठरलेली असते. समुद्राच्या पाण्याने झिलई काहीशी मंदावलेली असली, तरी लिलावाची चिठ्ठी आणि कागद शाबूत असतील तर अभ्यासाला यापेक्षा भरवशाची वस्तू मिळणं कठीण.

आपल्याकडेही हा माल थेट आला. मकाववरून लिस्बनला जाणारी पोर्तुगीज जहाजं गोव्याला थांबत. चांदोरच्या मेनेझिस ब्रागांझा वाड्यातली चिनी भांडी त्याच संबंधांची साक्ष आहेत. कापूस आणि अफू घेऊन कँटनला गेलेले मुंबईचे पारशी व्यापारी परतताना चिनी भांडी घेऊन येत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या चिनी आणि जपानी वस्तूंचा मोठा भाग सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतून आला आहे. चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर जाण्याआधी या दालनात दोन-चार दुपारी घालवाव्यात. काच मधे असली तरी रंग, प्रमाण आणि खांद्याची गोलाई डोळ्यांत मुरते.

सुरुवात करणाऱ्यासाठी

पहिली खरेदी अखंड फुलदाणीची नसावी. तुटलेल्या भांड्यांची बुडं घ्यावीत. तुकड्यात मातीचा छेद दिसतो, झिलईची जाडी दिसते, निळा कुठे मुरलाय ते दिसतं आणि चूक झाली तरी खिसा रिकामा होत नाही. त्यानंतर तडा गेलेली, मान दुरुस्त केलेली, पण निःसंशय जुनी फुलदाणी घ्यावी. संशयास्पद अखंड फुलदाणीपेक्षा ती चांगली शिक्षक. नशिबाने मिळणाऱ्या वस्तूंच्या गोष्टी खऱ्या असतात. अमेरिकेतल्या कनेटिकटमध्ये अंगणातल्या विक्रीत ३५ डॉलरला घेतलेला युंगलो काळातला छोटा वाडगा २०२१ मध्ये न्यूयॉर्कला ७ लाख २१ हजार डॉलरना गेला. घेणाऱ्याने तो काय असू शकतो हे ओळखून तज्ज्ञांना दाखवला, म्हणून तो तिथवर पोचला.

कायदाही माहीत असावा. चीनने २००७ पासून १९११ पूर्वीच्या पुरावस्तूंच्या निर्यातीवर कडक बंधनं घातली आहेत. भारतात १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षं पूर्ण झालेली कलावस्तू पुरावस्तू ठरते. तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. आजीच्या कपाटातली फुलदाणी परदेशातल्या लिलावात पाठवण्याचा बेत म्हणूनच सोपा नाही.

आणि पावती. ‘जुनी चिनी फुलदाणी’ एवढ्यावर पैसे देऊ नयेत. कोणत्या सम्राटाच्या काळातली, कोणती दुरुस्ती झालेली, आधी कुणाकडे होती, हे विक्रेत्याकडून लिहून मागावं आणि तसं नसल्यास पैसे परत, अशी ओळही घालून घ्यावी. तोंडी मिंग म्हणणारा विक्रेता लिहून देताना कचरला, तर त्या फुलदाणीबद्दल त्याचं खरं मत आपल्याला फुकट कळलेलं असतं.